मोजदाद

आमच्यात मुलांना नावं ठेवत नाहीत,
मोजतात.
मी इथुंगू, म्हणजे पाचवी मुलगी.
नुसतं नाव विचारलं तरी
आईच्या कुशीचा अर्धा हिशोब कळतो.

नोव्हेंबर. रुवेन्झोरीची वाट आहे तिथेच आहे,
फक्त आज तिच्यावरून पाणी उतरतंय
आणि आम्ही चढतोय.
पाठीवर वीस किलो, पट्टा कपाळाला.
शिखर बघायचं तर सगळं अंग वळवावं लागतं,
म्हणून मी बघते पुढच्याच्या टाचा:
गमबूट, डाव्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ.
थेम्बोचे पाय. थेम्बो, पाचवा मुलगा,
माझ्याच नंबरचा, दुसऱ्या घरचा.

पाहुण्याच्या पिशवीत काय आहे, ठाऊक नाही.
डाव्या बाजूला काहीतरी वाजतं,
दर दुसऱ्या पावलाला.
दोन दिवस तेच माझं घड्याळ.
पाहुणा विचारतो, पाऊस कधी थांबेल?
म्बुसा, आमचा वाटाड्या, अगदी सभ्यपणे सांगतो,
‘जानेवारीत, बहुतेक.’

बांबू मागे पडला. हेदरच्या झाडांना शेवाळाच्या दाढ्या,
दाढ्यांतून पाणी,
मग दलदल.
इथं जमीन नाहीच, नुसत्या गवताच्या ढेपा.
एकीवरून दुसरीवर उडी,
आणि चुकलं की मांडीपर्यंत काळा चिखल,
थंडगार, हावरा:
माणूस परत देतो, बूट देत नाही.

मग धुकं आलं. आलं म्हणजे
आधी शिखर गेलं,
मग लोबेलियाचे खांब,
मग थेम्बोच्या टाचा.

म्बुसानं भिजकी शिट्टी झटकली, फुंकली,
आणि हजेरी घेतली.
मुम्बेरे!
दोन आवाज. दोन घरचे दोन पहिले.
ब्वाम्बाले!
आहे.
यानंतर म्बुसा जरा थांबतो. दर वेळी.
तिसऱ्याला मासेरेका म्हणतात,
आणि मासेरेका माझा भाऊ होता.
त्या वर्षी नदीला पूर होता, पूल नव्हता,
आणि ओझं त्यानं सोडलं नाही, कारण ओझं दुसऱ्याचं होतं.
एवढंच मला सांगितलंय.
आईला कुणी विचारलं मुलं किती,
तर ती पाण्यानं नेलेला धरून सांगते.
मधला आकडा काढता येत नाही,
पुढच्या सगळ्यांची नावं चुकतील.

थेम्बो!
पाऊस.
थेम्बो!
पाऊस, आणि पाहुण्याचे दात.

मी कपाळावरचा पट्टा काढला.
ओझं टाकलं, होतं तिथेच, चिखलात.
पिशवीतलं ते काहीतरी एकदा खळ्ळ वाजलं
आणि गप्प झालं.
म्बुसा ओरडला. मी ढेपा चाचपत पुढे गेले,
हातांवर, गुडघ्यांवर,
शेळीसारखी.

सेनेसिओच्या बुंध्याशी तो पालथा पडला होता,
खांद्यापर्यंत हात चिखलात.
हाका ऐकू आल्या नाहीत?
‘आल्या की. पण बूट ठेकेदाराचा आहे.’
त्यावर मी जे बोलले ते
पाहुण्याला म्बुसानं भाषांतर करून सांगितलं नाही.

तिथेच टेकलो थोडा वेळ.
हे झाड जुनी पानं टाकत नाही.
मेलेली, वाळलेली, थरावर थर
खोडाभोवती तशीच राहू देतं.
मी त्या पानांत हात खुपसला.
आत कोरडं होतं.
सगळ्या डोंगरात तेवढंच.

आता पुन्हा चाल. झोपडीला अजून दोन तास,
म्बुसाचे दोन, म्हणजे साडेतीन.
पुढे थेम्बोच्या टाचा:
एक गमबूट, एक साखरेची प्लॅस्टिकची पिशवी
सुतळीनं घोट्याला बांधलेली.
पाठीवरचं ते आता वाजत नाही.
काय फुटलं, उद्या कळेल, पैसे कापतील.
आज पावलं मीच मोजते,
मोठ्यानं,
आणि तीन म्हणताना थांबत नाही.